फोटोवाल्यांची गाडी आणि सात वळणं

हॉस्पिटलात त्यांना सगळे फोटोवाले म्हणतात, पण त्यांनी काढलेल्या एकाही फोटोत कुणी हसत नाही. हसणार कसं? त्या फोटोंत चेहराच नसतो. मनगट असतं, गुडघा असतो, बरगड्या असतात, फार तर कवटी. तळमजल्यावर जिन्याखालून एक बोळ जातो, त्याच्या टोकाला त्यांची एक्स-रेची खोली. जाड दार, दारावर लाल दिवा, आत गार टेबल आणि खुंटीला टांगलेला शिशाचा कोट, जो अंगावर चढवला की माणूस दोन इंच बुटका होतो. या खोलीत फोटोवाल्यांनी सव्वीस वर्षं काढली.

हाडं बघून बघून त्यांना एक खोड लागली होती. माणूस दिसला की तो कुठे मोडेल हे त्यांना आधी दिसायचं. शिडीवर चढलेला रंगारी दिसला की टाच. ओल्या फरशीवरून घाईने चाललेली म्हातारी दिसली की खुबा. आणि मोटारसायकलवाला दिसला की मग यादीच सुरू व्हायची. आधी गळ्याजवळचं हाड, मग मनगट, मग नडगी, आणि मागे कुणी बसलं असेल तर... पुढचं ते मनातसुद्धा पुरं करत नसत.

अशा माणसाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी क्रूझर मोटारसायकल घ्यावी, याला काय म्हणायचं? प्लास्टरवाला म्हणजे शेजारच्या खोलीत मोडक्या हातापायांना प्लास्टर घालणारा त्यांचा जुना मित्र. त्याने बातमी ऐकली तेव्हा ओली पट्टी हातात तशीच लोंबकळत ठेवून तो म्हणाला, "फोटोवाले, आपल्याकडे पेशंट कमी पडायला लागले की काय?"

फोटोवाले हसले. पण हसता हसता त्यांच्या मनात तीच यादी पुन्हा सुरू झाली होती.

आता मुळापासून सांगायला हवं. फोटोवाले नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. गावच्या पोहण्याच्या तलावावर शिकवायला एक मुलगी नेमली होती आणि कामावर हजर होण्याआधी तिला छातीचा फोटो काढून न्यायचा होता. ती आली, हनुवटी प्लेटवर टेकवून उभी राहिली. काचेमागून फोटोवाल्यांनी नेहमीची वाक्यं सुरू केली. "दीर्घ श्वास घ्या." तिने घेतला. "धरून ठेवा." तिने धरला. त्यांनी बटण दाबलं. आणि 'सोडा' हे तिसरं सांगायचं राहूनच गेलं, कारण तिच्या मानेवर चिकटलेल्या ओल्या बटेकडे बघत हे महाशय काचेमागे पुतळा होऊन उभे होते. मुलगी पट्टीची पोहणारी. अर्धं मिनिट गेलं, पुरं मिनिट गेलं. कान लाल झाले, मान लाल झाली. शेवटी प्लेटला चिकटल्या चिकटल्याच तिने एक हात मागे करून 'आता काय?' अशी खूण केली, तेव्हा फोटोवाले "सोडा, सोडा!" म्हणत दार उघडून धावले.

लग्नानंतर ही गोष्ट बाईंनी किती जणांना सांगितली याला गणती नाही. बाई म्हणजे तीच मुलगी. तलावावरची पोरं त्यांना बाई म्हणतात म्हणून आपणही बाईच म्हणू. गोष्टीचा शेवट ठरलेला असतो. "आणखी एक मिनिट गेलं असतं ना, तर यांना दुसरी बघावी लागली असती."

लोक हसायचे, पण फोटोवाल्यांनी त्या दिवशी कानाला खडा लावला होता. पेशंटला श्वास धरायला सांगितलं की आपणही धरायचा. आपला जीव घाबरा झाला की समोरच्याला सोडायला सांगायचं आपोआप आठवतं. दोघांनी धरायचा, दोघांनी सोडायचा. दिवसाला साठ-सत्तर वेळा, वर्षानुवर्षं. पुढे पुढे आपण असं करतो हेही ते विसरून गेले. सुईत दोरा ओवताना, दिवा बदलताना, लेकीच्या तळव्यातला काटा काढताना, जिथे म्हणून हलून चालणार नाही तिथे त्यांचा श्वास मुकाट्याने थांबायचा आणि काम झालं की सुटायचा. सवयच ती. सवयीची कुणी चौकशी करत नाही.

लग्नाच्या वेळी त्यांच्याकडे एक जुनी, हलकी मोटारसायकल होती. बाई मागे बसायच्या. त्यांना वारा आवडायचा, आणि गाडी उतारावर सुटली की त्या तोंडाने बारीक शिट्टी घालायच्या. दुसऱ्याच वर्षी एका दुपारी स्ट्रेचरवरून एक बाई आली. मोटारसायकलवर मागे बसलेली होती. नवरा पुढे, त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो बोळात भिंतीला टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होता, "बरी होईल ना हो ती?" फोटोवाल्यांनी तिचे अकरा फोटो काढले. कंबर, मांडी, पाठ. ती त्यांच्या बायकोच्या वयाची होती आणि पायात बायकोसारखीच पट्ट्याची चप्पल होती, एकाच पायात. ती काही वाचली नाही.

पुढच्याच आठवड्यात फोटोवाल्यांनी गाडी विकून टाकली. घरी सांगितलं, "फार पेट्रोल पिते. त्यापेक्षा बस बरी." खऱ्या कारणाबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. बाईंनीही विचारलं नाही. बस तर बस.

त्यानंतर तेवीस वर्षं बस. मुलगी मोठी झाली, शिकायला परगावी गेली, घरात दोघंच उरली. एका संध्याकाळी बाई खिडकीशी उभ्या राहून ताटल्या पुसत होत्या. खालच्या रस्त्यावरून एक जोडपं मोटारसायकलवरून गेलं. बाई सहज बोलल्या, "मला ते फार आवडायचं हो, मागे बसायला. राहूनच गेलं." बस, इतकंच. ना तक्रार, ना सुस्कारा. पुसलेली ताटली फडताळात गेली आणि बाईंनी पुढची हातात घेतली. पण ते शब्द फोटोवाल्यांच्या जिव्हारी लागले. आपल्या भीतीपायी आपण हिच्याशी खोटं बोललो आणि हिचा वारा बंद केला, असं त्यांना वाटलं आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

महिन्याभरात ते शोरूममध्ये उभे होते. विक्रेता इंजिनाची ताकद सांगत होता, रंग दाखवत होता. फोटोवाल्यांनी खिशातून मोजायची टेप काढली आणि एकेका गाडीची सीट जमिनीपासून किती उंच ते मोजायला सुरुवात केली. हिशोब सरळ होता: जितकं खाली बसू तितकं खालून पडू. क्रूझर सगळ्यांत बुटकी निघाली. बसलं की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकत होते. विक्रेता म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक वेग विचारतं. आजवर उंची कुणी मोजली नव्हती." फोटोवाले म्हणाले, "तुम्ही जिथे संपता तिथून माझं काम सुरू होतं." विक्रेत्याला काही कळलं नाही, पण गाडी खपली.

शोरूममध्ये बुटकी वाटलेली ती गाडी रस्त्यावर आल्यावर केवढी झाली! काळीभोर, लांबलचक, सव्वादोनशे किलोची. हँडल इतकं रुंद की धरायला दोन्ही हात पसरावे लागत. पाय पुढे टाकून बसायचं, आरामखुर्चीत बसावं तसं. फक्त ही आरामखुर्ची भरधाव सुटू शकत होती. चकचकीत नळ्यांत फोटोवाल्यांना आपला चेहरा दिसला, पसरट आणि पांढराफटक. त्यांनी बटण दाबलं. खालून धडधड सुरू झाली, सीटमधून वर चढली आणि माकडहाडापासून मानेपर्यंत एकेका मणक्याची हजेरी घेत गेली. आरसे थरथरत होते. त्यांतलं मागचं जग हललेल्या फोटोसारखं पुसट दिसत होतं. असा फोटो त्यांनी पेशंटच्या हाती कधी दिला नसता.

शोरूमपासून घर सहा किलोमीटर. जीव मुठीत धरून त्यांनी ते पाऊण तासात पार केलं. तीन सायकलवाले पुढे गेले. एक हातगाडीवाला थोडा वेळ बरोबरीने चालला, "नवीन का?" म्हणून आपुलकीने विचारपूस केली आणि तोही पुढे निघून गेला. सरळ रस्त्यावर तसं ठीक होतं. पण पाण्याच्या टाकीपाशी मोठं वळण आलं. एवढी लांब गाडी, वळवली म्हणून लगेच वळते थोडीच? फोटोवाल्यांनी दात आवळले, पोट आवळलं, हँडल आवळलं आणि रांगत रांगत वळायला सुरुवात केली. निम्म्या वळणात डोळ्यांसमोर काळे ठिपके आले. मग कडेकडेने काळोख आत सरकायला लागला आणि कानात बारीक सूं आवाज येऊ लागला. रस्ता ताटलीएवढा उरला. वळण संपलं, गाडी सरळ झाली, आणि चार-सहा क्षणांत सगळं पुन्हा लख्ख.

"ऊन असेल," असं त्यांनी स्वतःला बजावलं. खरं तर आभाळ भरलेलं होतं.

दारात बाई उभ्या होत्या. गाडी बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि त्या गाडीभोवती तीन वेळा फिरल्या. सीटवर हात फिरवला, दिव्यावर टिचकी मारली. "अहो, ही खरंच आपली?" त्यांनी विचारलं. फोटोवाल्यांच्या पायांना अजून कंप सुटलेला होता म्हणून ते गाडीवरून उतरले नाहीत. बाईंना वाटलं, ऐटीत बसलेत.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला जाताना पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. घरापासून हॉस्पिटलपर्यंत पाच वळणं. सरळ रस्त्याला काही नाही, वळण आलं की अंधारी. सगळ्यांत वाईट म्हणजे बागेभोवतीचं गोल वळण, ते संपता संपत नसे. चौथ्या दिवशी तिथे काळोख इतका आत आला की समोरच्या दूधवाल्याची फक्त किटली दिसत होती, दूधवाला नव्हताच. फोटोवाल्यांनी कसाबसा ब्रेक दाबला. दूधवाल्याने काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना मात्र त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांना एकच दिसत होतं: आपण वळणात बेशुद्ध पडतो आहोत आणि मागे ती बसलेली आहे.

मग त्यांनी गुपचूप तपासण्या करून घेतल्या. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून पट्टी काढली, पायऱ्या चढायला लावल्या, आणि म्हणाल्या, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं चालतंय." मग फोटोवाल्यांनी प्लास्टरवाल्याला पहाऱ्याला बसवून हाताखालच्या मदतनीस बाईंकडून स्वतःचा छातीचा फोटो काढून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्लेटवर हनुवटी टेकली. फोटो पडद्यावर आला. हृदय जागच्या जागी, फुप्फुसं स्वच्छ, बरगड्या एकजात सरळ. पेशंटचा असता तर त्यांनी आनंदाने सांगितलं असतं, जा घरी.

पण फोटोवाल्यांचं धाबं दणाणलं ते तो चांगला फोटो बघूनच. जे मोडलेलं आहे ते फोटोत दिसतं, या एका भरवशावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. आता त्यांच्यात काहीतरी मोडलेलं होतं आणि ते दिसत नव्हतं.

"वहिनींना सांगून टाका," प्लास्टरवाला म्हणाला.

"काय सांगू? गाडी घेतली पण चालवता येत नाही?"

"मग मी नेतो वहिनींना फिरवायला. तुम्ही मागून बसने या."

"तुझ्या तोंडाला प्लास्टर घाल आधी," फोटोवाले म्हणाले, आणि पहिल्यांदाच चिडल्यामुळे त्यांना जरा बरं वाटलं.

तिकडे बाईंचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. त्यांनी हेल्मेट आणलं, मरून रंगाचं जाकीट आणलं. तलावावरच्या झाडून सगळ्या बायकांना सांगून झालं. येत्या रविवारी तलाव रिकामा करून घासायचा होता, म्हणजे बाईंना सुट्टी. त्या दिवशी धरणावर जायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाईंनी ठरवलं आणि फोटोवाल्यांनी मान हलवली. धरणाचा रस्ता टेकडीवरून जातो. सात वळणं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा. कठड्यापलीकडे काय आहे हे फोटोवाल्यांना बघायची गरज नव्हती. तिथून आलेल्यांचे फोटो त्यांनीच काढले होते.

त्या आठवड्यात फोटोवाल्यांना घास गोड लागला नाही. ताप आला तर बरं, असं वाटून ते दिवसातून चारदा कपाळाला हात लावून बघायचे. पाऊस येतोय का म्हणून आभाळाकडे बघायचे. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला. पत्र्याच्या शेडमध्ये जायचं, मागच्या चाकाची हवा सोडायची आणि सकाळी तोंड पाडून सांगायचं, पंक्चर. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा बोलायला कशाला कचरतो? एक पेट्रोलचं, एक पंक्चरचं.

शेडचं दार अर्धवट उघडं होतं. आत बाई गाडीवर बसल्या होत्या. पुढे नव्हे, मागच्या सीटवर. हेल्मेट घातलेलं, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, डोळे मिटलेले. समोर कुणीच नव्हतं, तरी दोन्ही हात कुणाच्या तरी कमरेला धरावे तसे पुढे घेतलेले. गाडी स्टँडवर उभी, इंजिन बंद, आणि बाईंच्या हेल्मेटमधून बारीक शिट्टी ऐकू येत होती.

फोटोवाले आल्या पावली मागे फिरले. हवा चाकातच राहिली.

रविवारी सकाळी निघाले. बाईंनी पहिले दोन किलोमीटर त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले, मग ते खाली आणून बरगड्यांखाली धरले. "केवढा वारा आहे हो!" त्या ओरडल्या. गाडी सायकलीच्या वेगाने चालली होती, तरी त्यांना वारा लागत होता. फोटोवाल्यांच्या डोक्यात फक्त कंबर, मांडी, पाठ, अकरा फोटो. बोळातला तो नवरा आता त्यांच्याच हेल्मेटमध्ये येऊन बसला होता आणि विचारत होता, बरी होईल ना हो ती?

पहिलं वळण आखूड होतं. काळे ठिपके आले आणि गेले. दुसऱ्या वळणाला कडा काळ्या झाल्या. थांबावं, सांगावं, परत फिरावं, असं त्यांना वाटलं, पण मागे शिट्टी चालू होती. तिसरं वळण लांब होतं, डोंगराच्या पोटाला धरून जाणारं. त्यातून समोरून लाकडं भरलेला ट्रक येताना दिसला. फोटोवाल्यांनी सगळं आवळलं. ट्रक घरघरत शेजारून गेला, जाता जाईना. कडेने काळोख आत आला. कठडा दिसेनासा झाला. मग डोंगर दिसेनासा झाला. रस्ता ताटलीएवढा, मग वाटीएवढा उरला. आता संपलं, एवढंच त्यांना कळत होतं, आणि पायाला ब्रेक सापडत नव्हता.

मागची शिट्टी थांबली. बाईंचे तळवे त्यांच्या बरगड्यांखाली होते, आणि त्या तळव्यांखाली काहीच हलत नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या बाईने घाबरलेल्या माणसांना पोटाखाली हात देऊन पाण्यावर तरंगवलं, तिला याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. तिने मुठीने त्यांच्या पाठीत एक दणका घातला आणि तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "सोडा! श्वास सोडा!"

सोडा म्हटलं की सोडायचा. इतक्या वर्षांची शिस्त. फोटोवाल्यांची छाती रिकामी झाली. "घ्या!" त्यांनी घेतला. "सोडा!" सोडला. वाटीची ताटली झाली, ताटलीचा रस्ता झाला. कठडा आपल्या जागी आला. पायाला ब्रेक सापडला. वळण संपल्यावर एका सपाट जागी त्यांनी गाडी उभी केली, उतरले आणि मटकन खडीवर बसले. 

बाईंनी हेल्मेट काढलं. "किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"श्वास धरणं."

"मी? मी कुठे श्वास धरतो?"

"मग काय मी धरते? अहो, पहिल्या दिवशी पाण्यात उतरणारी प्रत्येक बाई हेच करते. नाक चांगलं पाण्याबाहेर असतं, तरी धरून ठेवते. आणि मग म्हणते, चक्कर येते."

 डॉक्टरीणबाईंची पट्टी, छातीचा फोटो, दूधवाल्याची किटली, सगळं फोटोवाल्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. म्हणजे मोडलेलं काही नव्हतं. त्यांना हसू यायला हवं होतं, पण भलतंच झालं. खडीवर बसल्या बसल्या त्यांनी ती तेवीस वर्षांपूर्वीची दुपार सांगून टाकली. स्ट्रेचर, अकरा फोटो, एका पायातली चप्पल, बोळातला नवरा. "पेट्रोलचं खोटं होतं गं," ते म्हणाले. "मला भीती वाटली. तुझ्यासाठी."

बाईंनी हेल्मेटची पट्टी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. मग म्हणाल्या, "तेव्हा मला दिवस गेले होते, आठवतं? पोट दिसायला लागलं आणि तुम्ही गाडीच विकली. मला वाटलं, मला मागे बसवायची तुम्हाला लाज वाटते."

"वेडी की काय तू!"

"मग विचारणार कसं? म्हटलं, बस तर बस."

फोटोवाल्यांचे डोळे भरून आले. एका खोट्याची ही दुसरी बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी बाईंचा हात धरला आणि म्हणाले, "चल, परत जाऊ. हळूहळू नेतो. वाटलं तर मी गाडी ढकलत नेतो."

"सव्वादोनशे किलो?" बाई उठल्या आणि त्यांनी जाकीट झटकलं. "परत जायला तीन वळणं आहेत आणि पुढे चार. एकाचा तर फरक. चला, मी मागून सांगते. मी सांगेन तेव्हा घ्यायचा, मी सांगेन तेव्हा सोडायचा."

भीती गेली असं कुणी समजू नये. चौथ्या वळणाला फोटोवाल्यांच्या तळहाताला घाम फुटलेला होता आणि अकरा फोटो डोक्यात होतेच. पण मागून आवाज येत होता, "घ्या... सोडा. घ्या... सोडा." पाचवं वळण गेलं. सहावं गेलं. समोरून येणाऱ्या मोटारीतली माणसं काचा खाली करून या ओरडणाऱ्या बाईंकडे बघत गेली. रस्ता रस्त्याएवढाच राहिला.

सातवं वळण. "घ्या," बाई म्हणाल्या. फोटोवाल्यांनी घेतला. गाडी कलली, डोंगर बाजूला झाला, आणि एकदम समोर धरणाचं पाणी उघडलं, पार क्षितिजापर्यंत. फोटोवाले 'सोडा'ची वाट बघत राहिले. मागून काहीच आलं नाही. बाई मान वळवून पाण्याकडे बघत होत्या, तोंड उघडं, सगळं विसरून. फोटोवाल्यांचे कान गरम झाले. आता मान लाल होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी स्वतःच सोडला, आणि पुढचा घेतला. मागे बारीक शिट्टी सुरू झाली होती.